धुतलेला महाल

माझ्या वडिलांना देवासमधली मराठी माणसं टाळतात, आणि त्यात त्या माणसांची काही चूक नाही. गणेशोत्सवात, लग्नाच्या पंगतीत, मंडळाच्या सहलीत, कुणाच्या तेराव्यालासुद्धा बाबा समोरच्याला धरून बसवतात आणि पाच मिनिटांत आजोबांवर येतात. "माझे आजोबा मूकपटांचे दिग्दर्शक होते." ऐकणारा मान डोलावतो. "नुसते दिग्दर्शक नव्हेत, देखावेही तेच उभे करत." ऐकणारा चपला शोधायला लागतो. मी हे लहानपणापासून पाहत आले आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलणाऱ्या माणसाचा मला मुळातच कंटाळा, आणि तो माणूस आपलाच बाप असला की लाजही वाटते. एकदा मी त्यांना चारचौघांत म्हणाले होते, "बाबा, एखादा फोटो तरी दाखवा आणि मग बोला." ते त्या दिवशी जेवणाच्या ताटावरून लवकर उठले. मला त्याचं आज वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

बाबांनी या आजोबांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, पाहिलेलं नाही. ते गेले आणि त्याच वर्षी बाबा जन्मले. जे काही बाबांना ठाऊक आहे ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, आणि त्यांचे वडील फार बोलणारे नव्हते. तरी त्या तुटपुंज्या ऐवजातून बाबांनी एक अख्खा माणूस उभा केला आहे.

पणजोबा धार संस्थानात चित्रकार होते. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या कमानी, दरबारात येणाऱ्या नाटक मंडळींचे पडदे, असली कामं ते करत. त्यांना एका नाटकवाल्यानं देशावर नेलं, आणि तिथं ते एका चित्रपट कंपनीत लागले. त्या काळी चित्रीकरण उघड्या मैदानावर, भर उन्हात चाले. वर पातळ मलमल ताणायची म्हणजे ऊन मऊ होई, आणि मागे कापडावर रंगवलेला महाल उभा करायचा. एका चित्रपटाच्या मध्यात कंपनीचे दिग्दर्शक विषमज्वरानं पडले. चित्रपट पडदे रंगवणाऱ्या पणजोबांनी पुरा केला, आणि तो चांगला उतरला असावा, कारण पुढचा त्यांनाच मिळाला. मग त्यांनी सहा की सात चित्रपट केले. आकड्याबाबत बाबाही छाती ठोकून सांगत नाहीत.

त्यांची काम करायची तऱ्हा मात्र बाबा छाती ठोकून सांगतात. इतर लोक आधी गोष्ट लिहीत आणि मग देखावा करत. पणजोबा आधी महाल रंगवायचे. तो मैदानात ताणून उभा केला की त्याच्यासमोर खुर्ची टाकून दोन दिवस नुसते बसून राहायचे आणि या महालात कोण राहत असेल, याचा विचार करायचे. खिडकी उंच असली तर तिच्यातून बघणारी बाई लागे. जिना अरुंद असला तर त्यावर दोघांना अडवणारं भांडण लागे. गोष्ट अशी महालातून बाहेर यायची. हे खरं की बाबांनी रचलेलं, देव जाणे, पण मला यातलं हेच तेवढं आवडायचं.

मग बोलपट आले आणि पणजोबांचं काम एका बारीकशा कारणानं संपलं. वाऱ्यानं त्यांचे महाल फडफडत. मुक्या चित्रपटात तो फडफडाट कुणाला ऐकू येत नव्हता. आता नायक बोलायला लागला की मागची भिंत त्याच्या वर बोलायची. कंपनी बंद पडली, पणजोबा सात पडद्यांच्या गुंडाळ्या घेऊन धारला परतले आणि संस्थानच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झाले. मरेपर्यंत त्यांनी मुलांकडून आंब्याचं पान काढून घेतलं. चित्रपटाचं नाव काढलं नाही.

आणि ते सगळं काम कुठं गेलं, या प्रश्नाला बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. कंपनीत आग लागली. रिळं गेली, चित्रं गेली, पडदे गेले. घरी आणलेल्या सात पडद्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं तर बाबा तेही आगीत घालून टाकत.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एका चित्रपट संग्रहालयात काम करणाऱ्या मुलीचा मला फोन आला. परदेशात कुणाच्या तरी घरात जुन्या रिळांमध्ये एका भारतीय मूकपटाचा अकरा मिनिटांचा तुकडा सापडला होता. सुरुवात नाही, शेवट नाही, कुणाचं नाव नाही. एका जुन्या मासिकात या तुकड्याशी जुळणाऱ्या एका चित्रपटाबद्दल, त्याचं नाव न देता, चार ओळी तिला मिळाल्या होत्या, त्यात "पडदे व दिग्दर्शन धारच्या चित्रकाराचे" एवढंच होतं. तिनं धार-देवासच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, आणि ग्रुपवरच्या पंधरा जणांनी एकमुखानं बाबांचं नाव सांगितलं. जन्मभर टाळलेल्या माणसाची अशी आठवण झाली.

ती मुलगी मोकळेपणानं बोलली. "ताई, तो तुकडा नीट करून आम्ही दोन महिन्यांनी परदेशात दाखवणार आहोत. सुरुवातीला एक पाटी येईल, दिग्दर्शकाच्या नावाची. तुमच्याकडे त्यांचं एखादं चित्र असेल, पत्र असेल, पडद्याचा तुकडा असेल, काहीही. या चित्रपटातल्या महालाशी ते जुळलं की मी नाव लावू शकते. नाही जुळलं, तर माझा नाइलाज आहे." तिनं तीन-चार मिनिटांचा भाग मला पाठवला आणि पुढं कुणाला पाठवू नका म्हणाली.

मी तो बाबांना दाखवला नाही. आधी पुरावा शोधू, मग दाखवू, असं मी ठरवलं. त्यांना फक्त फोनबद्दल सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस उठला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि परत खुर्चीत बसला. कुठं जायचं नव्हतं. "नाव लागेल म्हणाली?" त्यांनी विचारलं. दिवसभरात हे त्यांनी मला सहा वेळा विचारलं.

आठ दिवस आम्ही देवासचं घर उलथंपालथं केलं. ट्रंका, माळे, गाद्यांच्या खाली, देव्हाऱ्यामागे. माझ्या आईच्या साड्या निघाल्या, माझी चौथीची प्रगतिपुस्तकं निघाली. पणजोबांची एक रेघही निघाली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "आक्काकडे जाऊ. ती होती तेव्हा."

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. नव्वदी ओलांडलेली, धारलाच असते. तिचे यजमान अमझेऱ्याला शिक्षक होते, ते गेल्यावर ती मुला-सुनेकडे परत धारला आली. पणजोबा वारले तेव्हा ती सात वर्षांची होती. पणजोबांना पाहिलेलं आमच्या कुळात आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि आम्ही तिला या बाबतीत कधी काही विचारलं नव्हतं. ती चार यत्ता शिकलेली, बाबा हिंदी-इंग्रजी दोन्हींत पदवीधर. घराण्याच्या इतिहासाचं काम बाबांकडे आहे, असंच सगळ्यांनी धरलेलं होतं.

आम्ही गाडी करून निघालो. गाडीवाला सारखा "भिया" म्हणत बाबांशी बोलत होता, मोहनखेड्याला जाणाऱ्या भाविकांमुळे रस्त्यात किती खोळंबा होतो ते सांगत होता, आणि बाबा त्याला मूकपट सांगत होते. "अच्छा, बिना आवाज की पिक्चर," तो म्हणाला. "तो लोग देखते क्या थे?" बाबा म्हणाले, "महाल देखते थे, भिया."

आत्या पुढच्या गॅलरीत खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. बाबांना बघून तिनं पदर सारखा केला आणि "आलास का बाळ" म्हणाली. बाबांना बाळ म्हणणारं आता तेवढंच एक माणूस आहे. चहा झाला. मग बाबांनी सगळी हकिगत सांगितली, आणि मी, म्हातारीला कळावं म्हणून, फोन काढला आणि तो तुकडा लावला. बाबाही तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. ती मला आता उगाच केलेली घाई वाटते. तेव्हा ते प्रेमच वाटलं होतं.

छोट्याशा काचेवर एक चौक आला. खांबांची रांग, मागे कमानी, पुढे एक राणी हात हलवून दाढीवाल्याला काहीतरी सांगते आहे. वारा सुटला होता, कारण राजवाड्याची भिंत मधूनच फुगत होती. बाबांचं तोंड उघडं राहिलं. आत्यानं मेथी बाजूला ठेवली, फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाली, "थांब. आता डाव्या बाजूला मोर येईल. मान मागं वळवलेला."

पुढच्याच दृश्यात चौकाची डावी बाजू आली, आणि भिंतीवर मोर होता. मान मागे वळवलेला.

बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आणि हे खांब पांढरे नाहीत," आत्या म्हणाली. "निळे होते. सावल्या सगळ्या तांबड्या. काय भडक, बाई. मला तर भीती वाटायची बघून."

हे ऐकून मी सरसावून बसले. त्या काळच्या फिल्मला निळा रंग पांढरा दिसे आणि तांबडा काळा. पांढरा संगमरवर हवा असेल तर निळा रंगवावा लागे. हे मला वाचून माहीत होतं. चौथी शिकलेल्या नव्वद वर्षांच्या बाईला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिनं तो पडदा डोळ्यांनी पाहिलेला होता, दुसरं काही असूच शकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांच्या बोलण्यावर शंभर टक्के विश्वास बसला, आणि मी बाबांकडे बघून हसले. तेही हसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"आक्का," बाबा म्हणाले, "तू हा पडदा पाहिलास कुठं?"

"पाहिला कुठला? धुतला," आत्या म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं, मेथीची पानं खुडत, अगदी रोजच्या कामाबद्दल बोलावं तसं.

पणजोबा गेले तेव्हा सात पडदे मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले होते. सुतकाच्या दिवसांत भेटायला आलेल्यांत एक जुना रंगारी होता. तो पडद्यांवरून हात फिरवून म्हणाला, अजून सरसाचा वास येतो. सरस म्हणजे काय, हे पणजीनं विचारलं. रंग कापडाला धरावा म्हणून त्यात घालतात तो डिंक, आणि तो जनावराच्या कातड्या-हाडांचा उकळून काढतात, हे त्या भल्या माणसानं सांगून टाकलं. पणजी कडक सोवळ्याची. इतकी वर्षं तिच्या देवघराच्या भिंतीला लागून कातडं होतं. फेकावं तर कापड उत्तम, जाड, आणि लढाईचे दिवस, कापडाला कंट्रोल. त्यात घरात सून गरोदर. नवऱ्याच्या हातचं टाकवतही नव्हतं. तेव्हा पणजीनं ठरवलं की पडदे शुद्ध करून घ्यायचे.

"दोन दिवस धुतले आम्ही," आत्या म्हणाली. "चुलीवर हंडे चढवले. सोडा घातला. आजी, आई, मी. आधी तांबडा सुटला, मग पिवळा. निळा काही लवकर सुटेना. मी पायांनी तुडवत होते. माझ्या पायांना कितीतरी दिवस निळं होतं. मग तळ्यावर नेऊन खळबळून आणले, वर तुळशीचं पाणी शिंपडलं. पांढरेशुभ्र झाले. एकावर डाग ठेवला नाही."

 मी विचारलं, "आत्या, सातही?"

"सातही. गाद्यांच्या खोळी झाल्या, वाळवणाला झाले. बाळ, तुझी दुपटी त्याचीच होती. आजोबाच परत आले म्हणत होते सगळे, मग आजी म्हणाली, त्यांच्याच कापडावर निजू दे. काय मऊ झालं होतं."

"आणि कागद?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "त्यांची कागदावरची चित्रं असतील ना?"

"होती की. पेटीभर. पण त्यात देव होते रे. राम, कृष्ण, कुठं शंकर. देवांची चित्रं जाळता येत नाहीत, रद्दीत देता येत नाहीत. गणपतीबरोबर तळ्यात सोडली. आजीनं आधी हळदकुंकू वाहिलं."

मी रसायनशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे मला या सगळ्याचा अर्थ नको इतका कळत होता. सरसाचा रंग पाण्यानं निघतो, गरम पाण्यानं लवकर निघतो, सोड्यानं मुळापासून निघतो. त्या तिघींना कुणी मुद्दाम शिकवून पाठवलं असतं तरी यापेक्षा चोख काम त्यांना करता आलं नसतं. आणि चीड कुणावर काढायची? आगीवर काढता येते. पणजीवर कशी काढू? तिनं नवऱ्याचं एकूण एक काम भक्तिभावानं, सोवळ्यात, हळदकुंकू वाहून पुसून टाकलं होतं.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," मी म्हणाले.

"कपडे धुतल्याची गोष्ट कुणी सांगतं का?" आत्या म्हणाली.

बाबांनी चहाची रिकामी कपबशी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग ते आपल्या बहिणीकडे बघून म्हणाले, "चांगलं केलंत, आक्का. कापड वाया गेलं नाही." ती खूष झाली. तिनं आम्हाला मेथीची जुडी बांधून दिली.

परतताना घाटाबिल्लोद आलं. बाबा म्हणाले, "मी पन्नास वर्षं आग सांगत आलो." आणि थोड्या वेळानं, "आगीचं बरं असतं. तिच्यापुढं कुणाचं चालत नाही, असं म्हणता येतं."

मी त्यांना धीर दिला. पडदे गेले तर गेले, आपल्याकडे आत्या आहे. तिनं मोर यायच्या आधी मोर सांगितला. याच्याहून मोठा पुरावा कोणता? घरी पोचल्यावर मी चप्पल काढायच्या आधी त्या मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी बोलताना धापा टाकत होते.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, आत्यांचं हे बोलणं तुम्ही रेकॉर्ड केलंत?"

नव्हतं केलं.

"क्लिप दाखवायच्या आधी तुम्ही त्यांना पडद्यांचं वर्णन विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.

"मग मोराचं आत्या आधीच बोलल्या, हे कुणी ऐकलं?"

"मी. आणि बाबांनी."

 पुढचं मला कळलं. तीस वर्षं मी मुलांना प्रयोगशाळेत ओरडत आले आहे की आधी निरीक्षण लिहा, मग पुस्तकातलं उत्तर बघा. उलटं केलंत तर तुमचं निरीक्षण कचऱ्याच्या किमतीचं. कित्येकांच्या वह्या मी यासाठी फेकल्या आहेत. जगात त्या महालाची एकच साक्षीदार उरली होती, आणि मी तिच्यापुढं उत्तर धरून मग प्रश्न विचारला होता. पणजीला निदान सरसाचं रसायन माहीत नव्हतं. मला तर सगळं माहीत होतं.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," ती मुलगी म्हणाली, आणि तो होता, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. "पण पाटीवर नाव घालायचं समिती ठरवते. त्यांच्यापुढं मी काय ठेवू? बरं, आता तरी रेकॉर्ड करून पाठवा. बघते."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा धारला गेलो. फोन उभा करून आत्याला बोलतं केलं. आठ दिवसांत तिला कळलं होतं की आपल्या सांगण्यावर काहीतरी अवलंबून आहे, आणि ती मदत करायला लागली. मोर सांगितला, निळे खांब सांगितले, मग राणीचे दागिने सांगितले, जे फक्त चित्रपटात होते, रंगवलेल्या पडद्यावर नव्हते. मग म्हणाली, "आणि एक हत्ती होता." हत्ती कुठंही नव्हता. मी खुणेनं नको म्हणत होते आणि ती मला हातानं दटावून हत्तीची सोंड कशी होती ते सांगत होती. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

मी ते तसंच्या तसं पाठवलं. हत्ती कापता आला असता. मला तो मोह झाला, हे लपवत नाही. पण कापलेली साक्ष कुणी धरली नसती, आणि हत्तीसकटही कुणी धरली नाही. महिन्यानं त्या मुलीचा फोन आला. नाव लावता येणार नव्हतं. माळव्यातल्या एका कुटुंबाचा असा दावा आहे, एवढी टीप फायलीत राहणार होती. ती मला तीनदा सॉरी म्हणाली. मी तिला म्हणाले, यात तुमचा काय दोष, आणि फोन ठेवला.

बाबांनी ऐकून घेतलं. "टीप तर राहील," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी लोकांना धरून बसवणं सोडलं. होळीच्या कार्यक्रमात ते कोपऱ्यात बसून राहिले, आणि ज्यांनी जन्मभर त्यांना टाळलं तेच येऊन मला विचारायला लागले, "तब्येत ठीक आहे ना बाबांची? आज मूकपट नाही काढला." मला त्या सगळ्यांना एकेक करून दाराबाहेर उभं करावंसं वाटलं. पण बाबांसाठी मला करता येण्यासारखं यातलं काहीच नव्हतं.

आत्याचे फोन मात्र थांबले नव्हते. दर दोन दिवसांनी एकच प्रश्न. "लागलं का रे नाव?" बाबा म्हणत, "चाललंय, आक्का. परदेशातलं काम, वेळ लागतो." नंतर तिचा सूर बदलला. कुणी तिला बोललं नव्हतं, पण बाई मूर्ख नव्हती. एके सकाळी तिनं फोनवर विचारलं, "बाळ, आम्ही ते धुतलं नसतं तर एव्हाना नाव लागलं असतं, हो ना?" बाबा म्हणाले, तसं काही नाही. ती म्हणाली, "मी सात वर्षांची होते रे. आजीनं तुडव म्हटलं, मी तुडवलं." मग रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी तिच्या सुनेनं कळवलं की आत्या जेवत नाहीत, ताट समोर ठेवलं की दोन घास खाऊन सारतात, डॉक्टरांना काही सापडत नाही.

त्याच आठवड्यात चित्रपट परदेशात दाखवला गेला आणि त्या मुलीनं मला तो पाठवला. सुरुवातीला काळ्या चौकटीत पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची पाटी होती. चित्रपटाचं नाव नाही, फक्त सापडल्याचं ठिकाण. त्याखाली लिहिलं होतं, दिग्दर्शक आणि नेपथ्य, आणि त्यापुढं, अज्ञात.

बाबांनी ती पाटी पाहिली. तो पूर्ण चित्रपट त्यांनी पाहिला नाही, पाटीवरच थांबवला. मग उठून म्हणाले, "गाडी बोलाव. आक्काकडे जाऊन येऊ." कशाला, ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आत्या पलंगावर होती. एवढ्याशा दिवसांत गालफडं बसली होती. बाबा तिच्या उशाशी बसले, माझ्या हातून फोन घेतला आणि पाटी तिच्यापुढं धरली. तिनं चष्मा मागितला. ती मराठी वाचते, पोथी वाचते, इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही.

"हे काय आहे?"

"चित्रपटाची पाटी. दिग्दर्शकाच्या नावाची."

तिनं बोट पुढं केलं आणि शेवटच्या शब्दावर ठेवलं. "हेच का ते नाव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले. "लागलं नाव."

"इंग्रजीत का रे?"

"साहेबाच्या देशात दाखवलं ना, म्हणून."

तिनं फोन आणखी जवळ ओढला. मग म्हणाली, "मोठ्यानं वाच. मला ऐकू दे."

आणि बाबांनी वाचलं. तिचं बोट त्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत होतं आणि त्या बोटाच्या चालीनं बाबा पणजोबांचं पूर्ण नाव वाचत होते, त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव. बोट शब्दाच्या शेवटाला पोचलं तेव्हा आडनाव संपलं. जन्मभर ज्यांना हे नाव कुणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी कागदावरून ऐकायचं होतं, त्यांना ते शेवटी स्वतःच, जिथं ते नव्हतं तिथून वाचावं लागलं. मी दाराची चौकट धरून उभी होते.

आत्यानं काचेला हात लावून कपाळाला लावला. "नमस्कार कर," ती बाबांना म्हणाली. "उभा काय राहिलास? तुझेच आजोबा." बाबांनी त्या अज्ञातापुढं हात जोडले. मग तिनं मलाही करायला लावला.

थोड्या वेळानं तिनं सुनेला हाक मारून पानं घ्यायला सांगितली. वरणभात होता. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि बऱ्याच दिवसांनी व्यवस्थित जेवायला लागली. बाबा तिच्यासमोर ताट घेऊन बसले होते. पहिला घास त्यांच्या तोंडात तसाच राहिला, तो त्यांना गिळता येईना आणि डोळे भरून आले.

आत्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं आनंदानं," ती म्हणाली. "पाणी पी."

बाबांनी मान हलवली आणि पाणी प्यायले.